कुमारवयीनांचा संघटित क्रीडासहभाग

सामान्यतः तेरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींनी शाळा, क्रीडामंडळ, व्यायामशाळा वा तत्सम संस्थेच्या आश्रयाने आणि लिखित नियम, ठरलेला संघ, प्रशिक्षक, पंच व स्पर्धांचे वेळापत्रक यांच्या चौकटीत खेळणे, यास संघटित क्रीडासहभाग म्हणता येईल. गल्लीतील विटीदांडू, अंगणातील लंगडी किंवा विहिरीतील पोहणे यांहून तो वेगळा आहे. गल्लीतील खेळात खेळणारेच नियम ठरवितात, तंटे मिटवितात आणि कंटाळा आला की डाव मोडतात. संघटित खेळात हे अधिकार बहुतांशी प्रौढांकडे जातात. असे असूनही मुले त्यात का उतरतात आणि त्यांपैकी अनेक जण थोड्याच वर्षांत तो का सोडतात, हा प्रश्न शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र व सामाजिक इतिहास या तिन्ही दृष्टींनी महत्त्वाचा आहे. गेल्या सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहता खेळ योजणाऱ्यांचे हेतू आणि खेळणाऱ्यांचे हेतू सहसा एकच नव्हते, असे दिसून येते. योजकांना शिस्त, आरोग्य, चारित्र्य, राष्ट्रबल वा पदके हवी होती. मुलांना खेळातील आनंद, सवंगड्यांची सोबत, स्वतःच्या कौशल्याचा प्रत्यय आणि बरोबरीच्यांत मान हवा होता. या दोहोंचा मेळ जेथे बसला तेथे संघटित खेळ रुजला. जेथे बसला नाही तेथे मुले मैदानापासून दूर झाली.

इंग्लंडमधील उगम : आजच्या शालेय क्रीडापद्धतीचा उगम इंग्लंडमधील निवासी ‘पब्लिक स्कूल’ संस्थांत शोधला जातो. तथापि तेथे खेळ प्रथम संघटित केले ते शिक्षकांनी नव्हे, तर विद्यार्थ्यांनी. १७९६ मध्ये ईटनच्या विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांची मनाई असताना हाउन्स्लो हीथ येथे वेस्टमिन्स्टरच्या मुलांशी क्रिकेटचा सामना खेळला. तो ते हरले आणि परतल्यावर त्यांना फटक्यांची शिक्षाही भोगावी लागली. १८०५ मध्ये ईटन व हॅरो यांच्यात झालेल्या सामन्यात पुढे कवी म्हणून विख्यात झालेला बायरन हॅरोकडून खेळला होता. रग्बी येथील फुटबॉलचे नियम १८४५ मध्ये प्रथम लेखनिविष्ट झाले, ते तिघा विद्यार्थ्यांच्या हातून. त्यांपैकी विल्यम डेलाफील्ड अर्नल्ड हा त्या शाळेचे प्रख्यात मुख्याध्यापक टॉमस अर्नल्ड (१७९५–१८४२) यांचा मुलगा. तो पुढे पंजाबात शिक्षणखात्याचा संचालक झाला. स्वतः टॉमस अर्नल्ड यांचे लक्ष धार्मिक व नैतिक शिक्षणावर होते; खेळांचा पुरस्कर्ता ही त्यांची ख्याती मुख्यत्वे टॉमस ह्यूझ यांच्या टॉम ब्राउन्स स्कूल डेज (१८५७) या कादंबरीमुळे पसरली.

शिक्षकांनी खेळ हाती घेतला तो शिस्तीच्या निकडीतून. मार्लबरो येथील शाळेत १८५१ मध्ये विद्यार्थ्यांचे मोठे बंड झाले. फावल्या वेळी मुले आसपासच्या शेतांत व रानांत शिरून नासधूस व चोरटी शिकार करीत आणि गावकऱ्यांशी भांडणे ओढवून घेत. १८५२ मध्ये मुख्याध्यापक म्हणून आलेल्या जॉर्ज एडवर्ड लिंच कॉटन (१८१३–६६) यांनी पुढील वर्षी पालकांना परिपत्रक पाठवून फावल्या वेळी शाळेच्या आवारातच संघटित खेळ खेळण्याची योजना मांडली. मुले एका ठिकाणी राहावीत व दमून झोपावीत, हा तिचा व्यावहारिक हेतू होता. ती यशस्वी झाली आणि इतर शाळांनीही तिचे अनुकरण केले. प्रमुख पब्लिक स्कूल संस्थांची पाहणी करण्यासाठी १८६१ मध्ये नेमलेल्या क्लॅरेंडन आयोगाने आपल्या १८६४ च्या अहवालात क्रिकेट व फुटबॉल यांच्या मैदानांना सामाजिक गुणांच्या जोपासनेचे श्रेय दिले. शतकाच्या अखेरीस बहुतेक निवासी शाळांत खेळ सक्तीचे झाले. मुलांनी मनाई मोडून सुरू केलेली गोष्ट अशा रीतीने मुलांवर लादण्याची गोष्ट बनली.

भारतातील प्रवेश : कॉटन हे १८५८ मध्ये कलकत्त्याचे बिशप म्हणून भारतात आले व त्यांनी येथे इंग्रजी धर्तीच्या शाळा स्थापन करण्यास चालना दिली. संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेल्या महाविद्यालयांतही खेळाला मानाचे स्थान मिळाले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात (स्थापना १८७०) चेस्टर मॅकनॉटन या प्राचार्यांच्या देखरेखीखाली रणजितसिंहजी (१८७२–१९३३) यांनी क्रिकेटचे पहिले धडे घेतले. राज्यकर्त्या वर्गाच्या मुलांत इंग्रजी शिष्टाचार रुजवावा, हा येथील योजकांचा हेतू उघड होता.

परक्या खेळाचा स्वीकार नेहमीच सुखासुखी झाला नाही. सिसिल टिंडेल-बिस्को (१८६३–१९४९) हे १८९० मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत आले. त्यांनी फुटबॉल आणला, तेव्हा तेथील ब्राह्मण विद्यार्थ्यांनी चामड्याच्या चेंडूला पाय लावण्यास नकार दिला. शिक्षकांनी हातात छड्या घेऊन त्यांना मैदानावर उभे केले. चेंडू तोंडावर आदळल्याने विटाळ झाला म्हणून एक मुलगा रडू लागला, तेव्हा त्याला कालव्यावर नेऊन तोंड धुवावयास लावण्यात आले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. ही हकीकत बिस्को यांनीच अभिमानाने नोंदवून ठेवली आहे. तीत सक्ती आहे आणि परक्या समाजाविषयीचा अहंभावही आहे. तथापि पुढे काश्मीरमध्ये फुटबॉल लोकप्रिय झाला, तो या छड्यांच्या जोरावर टिकला असे म्हणता येणार नाही. मुलांना त्या खेळात स्वतःचे असे काही गवसल्यावाचून तो गल्लीबोळांत पसरता ना.

महाराष्ट्रातील दोन प्रवाह : महाराष्ट्रात आखाडा व तालीम ही कुमारांना शारीरिक शिक्षण देणारी जुनी संस्था होती. वस्ताद, शिष्यपरंपरा, कुस्तीचे डाव, जोर-बैठका, मल्लखांब आणि जत्रेतील कुस्त्यांचे फड असा तिचा आकृतिबंध होता. तीत मुलगा येई तो प्रामुख्याने शरीर कमावण्यासाठी व गावात नाव मिळविण्यासाठी. ही प्रेरणा शिकलेल्या वर्गातही होती. लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) यांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष मुख्यतः व्यायामात घालविले व अभ्यास मागे पडू दिला, कारण आपली प्रकृती अशक्त आहे ही जाणीव त्यांना बोचत होती. त्यांना हे करावयास कोणी सांगितले नव्हते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी राष्ट्रीय चळवळीच्या प्रभावाखाली या प्रेरणेला संस्थारूप मिळाले. पुण्याचा डेक्कन जिमखाना (१९०६) व अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) यांसारख्या संस्थांनी देशी खेळ व व्यायाम यांना शिस्तबद्ध वळण दिले. खोखो, हुतुतू, आट्यापाट्या हे खेळ गावोगाव निरनिराळ्या रीतींनी खेळले जात. त्यांना मैदानाची मापे, खेळाडूंची संख्या, वेळ व गुण यांचे निश्चित नियम मिळाल्यामुळे एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी खेळू शकला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. या खेळांना साहित्य जवळजवळ लागत नसल्याने गरीब घरांतील मुलामुलींना ते खुले होते, ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

दुसरा प्रवाह इंग्रजी खेळांचा. मुंबईत आंतरशालेय क्रिकेटसाठी लॉर्ड हॅरिस या माजी गव्हर्नरांच्या नावाची ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठेवण्यात आली. पुढे कनिष्ठ वयोगटासाठी जाइल्स ढालीची स्पर्धा सुरू झाली. या स्पर्धांतून मुंबईच्या अनेक पिढ्यांचे खेळाडू घडले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर तेव्हा चौदा वर्षांचे व कांबळी सोळा वर्षांचे होते. डाव घोषित करण्यासाठी सीमारेषेबाहेरून सहायक प्रशिक्षक ओरडत असता आपण तिकडे पाहण्याचेच टाळले, अशी आठवण तेंडुलकर यांनी पुढे सांगितली आहे. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर सरावाच्या शेवटी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत; गोलंदाजाने त्रिफळा उडविल्यास ते त्याचे, न उडविल्यास फलंदाजाचे. त्या रुपयाचे मोल बाजारातले नव्हते. दमलेल्या मुलाला स्वतःची कसोटी पाहावयास लावणारे ते साधन होते.

अमेरिकेतील प्रयोग : इंग्लंडप्रमाणेच अमेरिकेतही खेळाकडे मुलांना वळण लावण्याचे साधन म्हणून पाहिले गेले, मात्र तेथे प्रश्न निवासी शाळांचा नसून वाढत्या शहरांतील गर्दीचा होता. स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत ल्यूथर गुलिक (१८६५–१९१८) यांच्या सांगण्यावरून जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळण्याजोगा बास्केटबॉल हा खेळ तयार केला. १९०३ मध्ये गुलिक यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक शाळांचा क्रीडासंघ (पब्लिक स्कूल्स ॲथलेटिक लीग) स्थापन झाला. त्याच्या योजनेत एक ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होती. निवडक खेळाडूंच्या शर्यतींखेरीज सामान्य मुलांसाठी तीत ठरावीक पात्रता गाठल्यास मिळणारे बिल्ले होते, तसेच वर्गावर्गांतील चढाओढी होत्या. या चढाओढींत एका उत्तम धावपटूचा वेळ नव्हे, तर साऱ्या वर्गाची सरासरी मोजली जाई. साहजिकच मागे पडणाऱ्या मुलाचा सहभागही वर्गाला हवासा वाटू लागला.

वाय.एम.सी.ए.चा हा वारसा भारतातही आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले व तेथून शिकलेल्या शिक्षकांमार्फत व्हॉलीबॉल, बास्केटबॉल इ. खेळ देशभरच्या शाळांत पोहोचले. मुंबई प्रांतात शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी १९३८ मध्ये कांदिवली येथे शासकीय प्रशिक्षणसंस्था सुरू झाली.

प्राथमिक शाळांतील चुरशीच्या स्पर्धांना अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचा विरोध वाढल्यावर तेथील बालक्रीडा शाळेबाहेरच्या संस्थांकडे गेली. कार्ल स्टॉट्‌झ यांनी १९३९ मध्ये विल्यम्सपोर्ट या गावी सुरू केलेली ‘लिटल लीग’ ही मुलांची बेसबॉल संघटना थोड्याच वर्षांत देशव्यापी झाली. परंतु तीत व्यापारी दृष्टी शिरल्याच्या वादातून १९५५ च्या सुमारास संस्थापक स्टॉट्‌झ स्वतःच तीतून बाहेर पडले.

मुलींचा सहभाग : मुली खेळत नाहीत कारण त्यांना आवड नसते, असे दीर्घकाळ मानले गेले. उपर्युक्त न्यूयॉर्क संघाची मुलींसाठी १९०५ मध्ये निघालेली शाखाही आंतरशालेय सामन्यांऐवजी लोकनृत्यावर भर देई. अमेरिकेत शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास बंदी करणारा कायदा १९७२ मध्ये झाला. त्याआधीच्या १९७१-७२ या वर्षी माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ३६ लाख ६७ हजार, तर मुलींची जेमतेम २ लाख ९४ हजार होती. २०१८-१९ मध्ये मुलींची संख्या सुमारे ३४ लाखांवर पोहोचली. मुलींच्या अंगभूत आवडीत अर्धशतकात एवढा पालट होणे संभवनीय नाही. बदलली ती संधी : संघ, मैदान, प्रशिक्षक व शिष्यवृत्त्या. आवड ही पुष्कळदा संधीच्या पाठोपाठ येते, हा या आकड्यांचा बोध होय.

महाराष्ट्रात खोखो व कबड्डी यांत शालेय मुलींचा सहभाग पूर्वीपासून लक्षणीय आहे. तथापि वयात येताच मुलीचे मैदान सुटणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. घरकामाचा भार, पोशाखाविषयीचा संकोच, सायंकाळी उशिरा परतण्याची भीती, स्वच्छतागृहांचा अभाव व लवकर होणारे विवाह ही त्याची प्रमुख कारणे होत. यांपैकी एकही कारण खेळाच्या आवडीशी निगडित नाही.

राज्यसंस्था व पदके : विसाव्या शतकात शासनेही कुमारक्रीडेची योजक बनली. त्यातील टोकाचे उदाहरण पूर्व जर्मनीचे होय. तेथे १९५२ पासून मुलांच्या खास क्रीडाशाळा उघडण्यात आल्या व देशभरातून गुणी मुले हेरून त्यांत आणली गेली. १९७४ मध्ये संमत झालेल्या गुप्त शासकीय योजनेनुसार खेळाडूंना पद्धतशीरपणे पुरुषी संप्रेरकसदृश औषधे दिली जाऊ लागली. किशोरवयीन मुलींना ती जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून दिली जात. पदकांची रास जमली, परंतु अनेकींना आयुष्यभराच्या व्याधी जडल्या. जर्मनीच्या एकीकरणानंतर या प्रकरणी खटले झाले व २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तेथील माजी क्रीडाप्रमुख मान्फ्रेट एव्हाल्ट यांना दोषी ठरविले. या मुली स्वखुशीने पोहावयास वा धावावयास आल्या होत्या; त्यांच्या त्या खुशीचाच येथे गैरवापर झाला.

स्वातंत्र्योत्तर भारतात शालेय क्रीडास्पर्धांचे राष्ट्रीय संघटन १९५४ मध्ये स्थापन झालेल्या शालेय क्रीडा महासंघाकडे आले. १९६० मध्ये आंतरशालेय फुटबॉलसाठी सुब्रतो चषक ठेवण्यात आला, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले आणि २०१८ मध्ये ‘खेलो इंडिया’ शालेय स्पर्धांना दिल्लीत प्रारंभ झाला. पुढील वर्षी युवा स्पर्धा या नावाने त्या पुण्यात भरल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे असे निकष घातले. महाराष्ट्रात राज्य व राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत वाढीव गुणांची सवलत आणि पात्र खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस व बँका यांतील खेळाडूंच्या भरतीनेही खेळाला उपजीविकेची जोड दिली. ग्रामीण व कष्टकरी कुटुंबांच्या दृष्टीने ही प्रेरणा क्षुल्लक नव्हे. मुलाला किंवा मुलीला रोज मैदानावर पाठविण्यास घरच्यांचे मन वळते ते पुष्कळदा याच आशेने. तिची दुसरी बाजू म्हणजे खोटे वयाचे दाखले, केवळ गुणांपुरता सहभाग आणि नोकरीची शक्यता मावळताच खेळास दिलेला रामराम.

प्रेरणांचा अभ्यास : मुलांनाच त्यांची कारणे विचारण्याचे शास्त्रीय प्रयत्न मुख्यतः १९७० नंतर झाले. डायॲन गिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत यश व प्रतिष्ठा, संघभावना, शारीरिक क्षमता, साचलेल्या शक्तीला वाट, कौशल्य, मैत्री व मौज अशा प्रेरणांचे वर्गीकरण केले आहे. मिशिगन राज्य विद्यापीठातील मार्था यूइंग व व्हर्न सीफेल्ट यांनी १९८०–९० च्या दशकात अकरा शहरांतील दहा ते अठरा वर्षे वयाच्या सुमारे दहा हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. तीत खेळण्याच्या कारणांत मौजेचा क्रमांक पहिला लागला. कौशल्य सुधारणे व शरीर सुदृढ राखणे ही कारणे तिच्या जवळ होती. जिंकणे बरेच खाली होते. खेळ सोडण्याच्या कारणांतही गोडी उरली नाही व मौज वाटेनाशी झाली, हीच अग्रभागी होती. वय वाढत जाते तसा सहभाग घटत जातो, हेही या पाहणीत आढळले.

येथे मौज या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. ती केवळ हसणे-खिदळणे नव्हे. आपल्या ताकदीस पेलेल पण सहज हाती येणार नाही असे आव्हान, काल न जमलेली गोष्ट आज जमल्याचा प्रत्यय, संघात आपल्यावाचून अडते ही जाणीव आणि आपण हे आपल्या मर्जीने करीत आहोत ही भावना यांची ती गोळाबेरीज होय. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेल्या आत्मनिर्धारण सिद्धांतात क्षमता, आपुलकीचे नाते व स्वायत्तता या तीन मूलभूत गरजा मानल्या आहेत; मैदानावर त्या तिन्ही एकाच वेळी भागू शकतात. शिवाय कुमारवय हे ‘मी कोण’ या प्रश्नाचे वय असते. संघाचा पोशाख, पाठीवरचा क्रमांक व ठरलेली जागा या मुलाला घराबाहेरची पहिली ओळख देतात. मात्र बाहेरून मिळणारी बक्षिसे हेच खेळण्याचे मुख्य कारण बनले, तर आतली ओढ क्षीण होते, असेही या विचारपरंपरेचे प्रतिपादन आहे.

घटता सहभाग व त्याचे महत्त्व : जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १४६ देशांच्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये अकरा ते सतरा वर्षे वयाची शाळेत जाणारी सुमारे ८१ टक्के मुलेमुली आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नव्हती, हे प्रमाण मुलांत ७८, तर मुलींत ८५ टक्के होते. भारतात याची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. नववी-दहावीचे वर्ष येताच शिकवणीवर्ग मैदानाची वेळ गिळंकृत करतात. शहरांत मोकळ्या जागा उरत नाहीत. आणि शाळेचा संघ निवडल्यावर उरलेल्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वाट्यास प्रेक्षकाची भूमिका येते. शेवटचे कारण सर्वांत कमी बोलले जाते. अकरा जण निवडण्याची पद्धत ही एकाच वेळी इतरांना वगळण्याचीही पद्धत असते. न्यूयॉर्कमध्ये शतकापूर्वी योजलेली वर्गाच्या सरासरीची चढाओढ, किंवा आपल्याकडील गणेशोत्सव मंडळांच्या व गावोगावच्या क्रीडामंडळांच्या कबड्डी स्पर्धा, या दृष्टीने अधिक समावेशक ठरतात.

संघटित खेळाने चारित्र्य घडते, हा एकोणिसाव्या शतकातील दावा सरसकट खरा मानता येत नाही. प्रशिक्षक कसा आहे, पराभव कसा हाताळला जातो व बाकावर बसलेल्या मुलाकडे कोणाचे लक्ष आहे, यांवर तो अवलंबून असतो. प्रौढांनी सामने भरवावेत, मैदाने राखावीत, नियम व सुरक्षितता पाहावी, हे आवश्यकच आहे. त्यांच्यावाचून गरीब घरच्या मुलांना व विशेषतः मुलींना खेळाचे दार उघडले नसते. परंतु छडीच्या धाकाने, गुणांच्या लोभाने वा पदकांच्या हव्यासाने मुले मैदानावर आणता आली, तरी तेथे टिकवून धरता येत नाहीत. ती टिकतात ती ईटनच्या अकरा मुलांना शिक्षा ठाऊक असूनही हाउन्स्लोकडे नेणाऱ्या ओढीने. ही ओढ शाबूत ठेवणे, हीच कुमारक्रीडेच्या कोणत्याही संघटनेची खरी कसोटी होय.